इम्युनोथेरपी म्हणजे प्रतिकारशक्ती वाढवणेच ना?

प्रश्न:
वडिलांच्या फुफ्फुसाच्या कर्करोगावर डॉक्टरांनी पेम्ब्रोलिझुमॅब सुचवले आहे. हे औषध शरीराच्याच प्रतिकारशक्तीकडून काम करून घेते, असे ते म्हणाले. ती शक्ती एवढी समर्थ असेल, तर तिने ही गाठ मुळात वाढू कशी दिली? आणि सोबत प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या गोळ्या दिल्या तर चालतील का?

प्रतिसाद १:
‘वाढवणे’ हा शब्दच इथे दिशाभूल करतो. टी पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशींना, गाठ पुष्कळदा ओळखता येते. परंतु त्यांच्या पृष्ठभागावर पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो आणि कर्करोगाच्या पेशी पीडी-एल१ हे प्रथिन पुढे करून नेमका तोच दाबतात, त्यामुळे चालून आलेली टी पेशी गाठीपाशी येऊन थंडावते. मुळात हा ब्रेक आपल्याच अवयवांवर हल्ला होऊ नये म्हणून आहे. पेम्ब्रोलिझुमॅब पीडी-१ला चिकटून बसते आणि पीडी-एल१ला तिथे जागाच उरत नाही. पीडी-१चा शोध लावणारे तासुकु होंजो आणि सीटीएलए-४ या दुसऱ्या ब्रेकवर काम करणारे जेम्स ॲलिसन यांना २०१८ चे नोबेल मिळाले, ते याच विचारासाठी. गोळ्यांनी हा ब्रेक सुटत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या देऊ नयेत.

प्रतिसाद २:
ब्रेक सुटला की तो केवळ गाठीपुरता सुटत नाही, हे आम्ही उशिरा शिकलो. माझ्या आईला तिसऱ्या डोसनंतर जुलाब लागले. पोट बिघडले असेल म्हणून आम्ही चार दिवस घरीच औषध देत राहिलो. प्रत्यक्षात तिच्या प्रतिकारशक्तीने मोठ्या आतड्यावरच हल्ला चढवला होता आणि अखेर स्टिरॉइड देऊन तो आवरावा लागला. जुलाब, धाप, नवा खोकला, कावीळ, कमालीचा थकवा यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी कळवा, कारण असे त्रास उपचार संपल्यावर काही महिन्यांनीही उद्भवू शकतात.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. अहवालात पीडी-एल१ ६० टक्के आहे. म्हणजे गुण येणारच ना?

प्रतिसाद १:
शक्यता वाढते, खात्री मिळत नाही. गाठीच्या ५० टक्के किंवा त्याहून अधिक पेशींवर हे प्रथिन असल्यास केमोशिवाय हे एकटे औषध देता येते, परंतु त्याआधी ईजीएफआर आणि एएलके या जनुकांतील बदल तपासलेले असावेत. ते आढळले तर आधी त्यांच्यावर नेमके काम करणाऱ्या गोळ्यांचा विचार होतो. अहवालात त्या दोन ओळी आहेत का, एवढे पाहून घ्या.