मदत हवी आहे: मूसच्या (मोठ्या जातीच्या हरणाच्या) केसांचं भरतकाम, पाकळीच्या टोकाशी केस मोडतो

नमस्कार मंडळी. कॅनडातल्या क्युबेक शहराजवळच्या वेंडाके इथल्या ह्युरॉन-वेंडाट या आदिवासी लोकांच्या पद्धतीचे तान्ह्या बाळाचे मोकासिन (मऊ कातड्याचे जोडे) करायला घेतलेत. काळं रंगवलेलं हरणाचं कातडं, घोट्याच्या पट्टीवर फुलवेल. चार-पाच ओल्या केसांची बट कातड्यावर आडवी ठेवून बारीक दोऱ्याच्या टाक्यांनी बसवते. दर टाक्याआधी बटेला पीळ दिला की मण्यांसारखी रेघ उठते. देठ सुरेख येतो. पण या मापात पाकळी इवलीशी, आणि तिच्या टोकाशी केस हमखास मोडतो. मुळात ठिसूळ, त्यात वाळला की संपलंच.

टोकाशी टाके अगदी जवळ घ्यावेत, की पाकळीचे दोन्ही काठ वेगळ्या बटांनी भरावेत? रंगवताना पाणी उकळलं तर ठिसूळपणा वाढतो का? कातड्यातलं सुईचं भोक बुजत नाही, म्हणून उसवण्याआधी विचारतेय.