सलग तीन दिवस लाइट नसली तर घरात काय तयारी हवी? (सांगली)

कृष्णाकाठ:
गावभाग, दुसरा मजला. माणसं पाच, त्यात आईला इन्सुलिन. इन्व्हर्टरला 150 एएचची ट्युब्युलर बॅटरी, गच्चीवर 500 लिटरची टाकी. तीन दिवस निघतील का? किराणा काय भरू? मेणबत्त्या आणि मॅगी सोडून सांगा.

फ्यूजवाला:
150 एएच गुणिले बॅटरीचे 12 व्होल्ट म्हणजे 1800 वॅट-तास. बॅटरी तळापर्यंत पिळायची नसते, शिवाय इन्व्हर्टर स्वतः थोडी खातो. हातात 1100 धरा. 75 वॅटचे दोन पंखे आणि 20 वॅटच्या चार ट्यूब लावल्या तर पाच तासांत खेळ खलास. पंखे विसरा. 9 वॅटचे दोन बल्ब आणि मोबाइल, तेही संध्याकाळी पाचच तास, असं केलंत तर तीन रात्री निघतात. मात्र उरलेल्या वेळी इन्व्हर्टर बटणावरून बंद करा. लोड नसतानाही तो 10-15 वॅट ओढत राहतो, तीन दिवसांत जवळजवळ सगळी बॅटरी त्यातच जाते.

पावसाआधी बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाचं नको, क्षारांनी प्लेटा जातात.

आणि लोक हमखास चुकतात ते इथे: मेन स्विच पाडला तरी इन्व्हर्टरची लाइन चालूच असते. भिंतीत ओल आली, बोर्डात पाणी शिरलं, तर आधी इन्व्हर्टर बंद.

लाइट आल्या आल्या फ्रिज-टीव्ही लावू नका. वादळात खांबावर न्यूट्रल तुटला असेल तर घरात 230 च्या जागी 350-400 व्होल्टसुद्धा येतात. एक जुना पिवळा, तारेचा बल्ब लावून दहा मिनिटं बघा. नेहमीपेक्षा लख्ख पेटला तर मेन पाडा आणि महावितरणच्या 1912 नंबरला कळवा.

माजघर:
किराण्याआधी गिरणीचं बघा. लाइट नाही म्हणजे गिरणी बंद, घरात पोतंभर ज्वारी असून उपयोग शून्य. पण महिन्याचं दळूनही ठेवू नका. ज्वारीच्या पिठाची विरी (चिकटपणा) जाते, भाकरी थापताना कडेला चिरते. आठ-दहा दिवसांचंच दळा. विरी गेलीच तर उकळतं पाणी घालून मळा. गव्हाचं पीठ जास्त टिकतं.

मिक्सरही बंद, म्हणून शेंगदाण्याचं कूट आणि लसूण चटणी आधीच करून ठेवा. मूगडाळ, तांदूळ, पोहे, बाकी भडंग आपल्याकडे असतंच. भरलेला जादा सिलिंडर हवा. काडेपेट्या घट्ट झाकणाच्या डब्यात, पावसाळ्यात गुल सर्द होतो. आणि हातात रोख ठेवा, टॉवर बंद पडला की यूपीआय गेलं.

तुरटी:
पिण्या-स्वयंपाकाला माणशी पाच लिटर, म्हणजे तीन दिवसांचे 75 लिटर वेगळे भरा. टाकीचं पाणी वापरायला. आरओ विजेशिवाय चालत नाही. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत (नाव तुरटी असूनही सांगतोय), म्हणून वरचं निवळ पाणी काढून उकळा.

इन्सुलिन: वापरात असलेलं पेन बाहेर सावलीत काही आठवडे चालतं, किती ते माहितीपत्रकावर असतं. न उघडलेल्यांसाठी फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या आधीच गोठवा. लाइट गेली की त्या खालच्या कप्प्यात आणा आणि दार सारखं उघडू नका. पेन बर्फाला चिकटवू नका, एकदा गोठलं की टाकूनच द्यायचं. ओल्या वाळूतल्या मडक्याची युक्ती उन्हाळ्यात ठीक, दमट हवेत मडकं गार होत नाही.

फ्यूजवाला:
अजून एक. तीन दिवस तुम्ही वळवाचे धरलेत. पुराचा हिशेब वेगळा. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. 2019 ला पाणी 57 च्या वर होतं. डीपी (ट्रान्सफॉर्मर) पाण्यात गेली की सगळ्या भागाची लाइट बंद करावी लागते, मग तुम्ही दुसऱ्या मजल्यावर कोरडे असा नाहीतर नसा. गावभागासाठी आठवडा धरा. आणि आईंना घेऊन 40 च्या आतच पाहुण्यांकडे निघता आलं तर निघा.

कृष्णाकाठ:
पाहुणे विट्याला आहेत. पेनं थर्मासमध्ये नेऊ ना?

तुरटी:
चालेल. तळाला गोठलेली बाटली, वर टॉवेलची घडी, त्यावर पेनं.