स्तोत्र १ मधलं ‘मनन’ : करायचं म्हणजे नेमकं काय?

प्रश्न (साक्री) :
सर्वांना सलाम. आमच्याकडे गुरुवारी घरोघर प्रार्थना असते. परवा बायबलमधलं स्तोत्र १ वाचलं. ‘रात्रंदिवस मनन’ हे शब्द आले तशा एक आजी म्हणाल्या, “मनन शिकेल माणसांचं काम. आपल्याले कुठून जमाव?” त्यांना अक्षरओळख नाही. नातू वचन वाचतो, त्या ऐकतात, आणि मग दिवसभर निंदणी करताना तेच तोंडातल्या तोंडात म्हणत राहतात. मी मनन म्हणजे चिंतन असं सांगितलं, कोणी ध्यान म्हणालं. आजींच्या चेहऱ्यावरून दिसलं की उत्तर पोचलं नाही. मूळ शब्द कोणता आहे?

उत्तर (अमळनेर) :
ताई, आजींना आजच जाऊन सांगा की त्या करतात तेच मनन.

इब्री म्हणजे हिब्रू या मूळ भाषेत तिथं ‘हागा’ हे क्रियापद आहे आणि ते तोंडाचं, आवाजाचं आहे : पुटपुटणं, गुणगुणणं. यशया ३१:४ मध्ये सिंह शिकारीवर गुरगुरतो तेव्हा हेच क्रियापद येतं. यशया ३८:१४ मध्ये आजारी हिज्कीया राजा पारव्यासारखा कण्हतो, तिथंही हेच. यहोशवा १:८ तर फारच स्पष्ट आहे. नियमशास्त्राचा ग्रंथ तुझ्या मुखातून जाऊ देऊ नको, त्याचं रात्रंदिवस मनन कर, अशी आज्ञा आहे. मनातून नव्हे, मुखातून.

‘मनन’ हा शब्द आपल्याकडे निराळ्या वाटेनं आला. बृहदारण्यक उपनिषदापासून श्रवण, मनन, निदिध्यासन अशी जोडणी आहे. आधी ऐकायचं, मग त्यावर विचार करून ते पारखायचं, मग त्यात स्थिर व्हायचं. शब्द उत्तम आहे, भाषांतरात तो बदलावा असं मला वाटत नाही. फक्त त्यानं आवाज झाकला गेला आणि आजींसारख्या माणसांना तो परका वाटू लागला. याची मला खरंच हळहळ वाटते.

आपल्या मराठीतही वाचन मुळात मुकं नाही. ‘वचन’ आणि ‘वाचन’ दोन्ही ‘वच्’ म्हणजे बोलणे या एकाच धातूचे. प्रेषितांची कृत्ये ८:३० पाहा : कूशी म्हणजे इथिओपियाचा अधिकारी रथात बसून यशया वाचत होता आणि सुवार्तिक फिलिप्पानं ते ऐकलं. मोठ्यानं वाचत होता म्हणूनच ऐकू आलं, आणि म्हणूनच “समजते काय?” हा प्रश्न विचारता आला.

शंका (धुळे) :
दादा, मग घोकंपट्टीत आणि यात फरक काय राहिला? मत्तय ६:७ मध्ये प्रभूनं प्रार्थनेतल्या व्यर्थ बडबडीबद्दल बजावलं आहे. आमच्या तरुण संघात मुलं पन्नास वचनं पाठ म्हणतात, पण एकही त्यांच्या जगण्यात दिसत नाही.

उत्तर (अमळनेर) :
शंका रास्त आहे, आणि तिला उत्तर पुढच्याच स्तोत्रात आहे. स्तोत्र २:१ मध्ये राष्ट्रं व्यर्थ बेत करतात, तिथंही क्रियापद ‘हागा’च! पुटपुटणं दोन्हीकडे आहे. एकाच्या ओठांवर देवाचं वचन, दुसऱ्याच्या ओठांवर स्वतःचा डाव. म्हणजे या शब्दात आपोआप पुण्य भरलेलं नाही. शिवाय स्तोत्र १ मध्ये मननाच्या आधी ‘रमतो’ आलं आहे. ज्यात जीव रमतो ते ओठांवर येतंच, घोकावं लागत नाही. घोकणं परीक्षेसाठी असतं आणि परीक्षा झाली की संपतं.

मला याला सर्वांत जवळचा वाटतो तो ‘रवंथ’. दिवसभर चरलेलं जनावर रात्री गोठ्यात बसून तेच पुन्हा तोंडात आणतं आणि सावकाश चावतं. हे माझं एकट्याचं सुचणं नाही. पश्चिमेकडच्या मठांतले साधू शास्त्रवाचनासाठी लॅटिनमध्ये रवंथ याच अर्थाचा शब्द वापरत. बाराव्या शतकातल्या दुसऱ्या गुइगो नावाच्या कार्थुसियन (एका ख्रिस्ती साधुसंघाच्या) मठाधिपतीनं वाचन, मनन, प्रार्थना आणि दर्शन अशी चार पायऱ्यांची शिडी मांडली. त्याच्या मते वाचन म्हणजे घास तोंडात घालणं, मनन म्हणजे तो चावणं. प्रार्थना मननानंतर येते, कारण चावल्यावर चव कळते आणि मग माणूस देणाऱ्याकडे वळतो. वचन म्हणता म्हणता कधी मागणं सुरू झालं हे आजींनाही सांगता येणार नाही.

हन्नाही आठवते. १ शमुवेल १:१३ मध्ये प्रार्थना करताना तिचे ओठ हलतात, आवाज येत नाही, आणि एली याजक तिला मद्यपी समजतो. तिथं ‘हागा’ नाही, ती मनाशी बोलत होती. पण ओठ थांबले नव्हते.

आता स्तोत्र १ ची तिसरी ओळ, ती साक्रीकरांसाठी. ‘पाण्याच्या प्रवाहाजवळ लावलेले झाड’ असं आपण वाचतो आणि डोळ्यांपुढे नदी आणतो. इब्रीत ‘पलगे मायिम’ आहे, म्हणजे वाटून फोडलेलं पाणी. आपल्या भाषेत पाट! आणि ‘लावलेले’चा मूळ अर्थ दुसरीकडून आणून लावलेलं, रोपासारखं. पांझरा नदीच्या फडाचं, म्हणजे गावानं मिळून पाटानं वाटलेलं, पाणी पाहिलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, पाटकरी पाळीनं पाणी सोडतो. पाळी चुकली की पुढच्या पाळीपर्यंत वावर कोरडं. रोजच्या वाचनाबद्दल याहून नेमकं मला सांगता येत नाही.

साक्रीहून :
काल आजींकडे गेले होते. हागा, गुइगो काही सांगितलं नाही. सिंहाचं आणि पारव्याचं सांगितलं, मग पाटाचं. त्यांनी नातवाला तिसरी ओळ पुन्हा वाचायला लावली. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर स्वतःशीच म्हणाल्या, “पाटवरनं झाड.” मी निघाले तेव्हा त्या चुलीपुढे बसून तेवढेच दोन शब्द म्हणत होत्या.