शाळेचा अंक काढताना : सोलापूरच्या शिक्षकांचे अनुभव

सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा जानेवारीत उरकली की आपल्याकडच्या शाळांत वार्षिकांकाची घाई सुरू होते. यंदा हे काम पहिल्यांदाच माझ्याकडे आलंय. भित्तिपत्रक, हस्तलिखित, छापील अंक, मुलांकडून जे काही करून घेतलं असेल त्याबद्दल लिहा. चुकलेलं आवर्जून लिहा, मला त्याचाच जास्त उपयोग होईल.

पूर्व भागात मराठी शिकवते

आमच्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तेलुगू बोलतात. आठवीतल्या एका मुलीला भित्तिपत्रकासाठी आईच्या कामावर लिहायला सांगितलं. आई विड्या वळते. तिने लिहून आणलं: पानं भिजवायची, कापायची, मजुरी हजार विड्यांवर, खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. वाक्यं तुटक होती. मी रात्री बसून सगळी 'नीट' केली, शेवटी 'अथक परिश्रम' वगैरे घातलं. सकाळी तिने वाचलं आणि विचारलं, "मॅडम, अथक परिश्रम आईला तेलुगूत कसं सांगू?" तिला तो लेख घरी वाचून दाखवायचा होता. मी माझा कागद फाडला आणि तिचाच लावला.

तेव्हापासून ऱ्हस्व-दीर्घ सुधारते, वाक्याला हात लावत नाही. कळलं नाही तिथे समासात प्रश्न लिहिते. किती पानं? किती वाजता? कोण म्हणालं? मूल उत्तर शोधून घालतं. 'सोलापुरी चादर जगप्रसिद्ध आहे' असं वाक्य आलं की सांगते, तुझ्या गल्लीत आज किती माग चालू होते ते मोजून ये.

हायस्कूल, शहर

वरच्या मॅडमचं मला पूर्ण पटत नाही. छापलेला अंक घराघरात वर्षानुवर्षं राहतो. मोडकी वाक्यं तशीच छापली तर मोठेपणी त्याच मुलाला वाईट वाटतं. मी दुरुस्त करतो, पण मुलाला शेजारी बसवून, एकेक वाक्य मोठ्याने वाचायला लावून. एका लेखाला अर्धा तास जातो. म्हणून आता चाळीसऐवजी पंधराच लेख घेतो.

इतिहास शिक्षक

१२ जानेवारीला आम्ही चार हुतात्म्यांवर भित्तिपत्रक लावतो. एका वर्षी पाच मुलांनी एकच मजकूर आणला, स्वल्पविरामासकट सारखा. मी रागावलो नाही. प्रत्येक वाक्यासमोर 'हे तुला कुणी सांगितलं?' एवढं लिहून परत दिला. मग मुलं हुतात्मा चौकातल्या पुतळ्यांपाशी गेली, वाचनालयात बसली, एकाने आजोबांना विचारलं. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १९३१ साली येरवड्यात फाशी दिली, हे त्यांना पाठ होतं. पण कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं वृत्तपत्र चालवत होते, हे त्यांना तिथे कळलं. म्हणजे आपण करतोय तेच काम ते करत होते! त्या दिवसानंतर बातमीत नाव आणि तारीख तपासा, असं मला सांगावं लागलं नाही.

तालुक्यातली शाळा

मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नसतं, अशी बातमी नववीच्या तिघींनी लिहिली. पहिला मसुदा सगळा संतापाचा होता, आणि तो संताप खरा होता. मी म्हटलं, बारा दिवस नोंद ठेवा. रोज मधल्या सुट्टीत नळ सोडून बघायचा, वहीत तारीख आणि वेळ लिहायची. बारापैकी सात दिवस नळ कोरडा निघाला.

मुख्याध्यापक म्हणाले, शाळेची बदनामी होईल, छापू नका. तिथे मी वाद घातला नाही. ती वही त्यांच्यापुढे ठेवली आणि विनंती केली की मुलींना मुलाखत द्या, तुमची बाजू शेजारीच छापू. दोन दिवसांनी ते तयार झाले. मोटर जळालेली, दुरुस्तीचा खर्च मंजूर व्हायचा होता. तेही छापलं. मोटर नंतर महिन्याभराने आली. माझं सांगणं एवढंच की वरिष्ठांना बातमी आधी दाखवा, छापून झाल्यावर नको. आणि विशेषणं काढून आकडे ठेवा. आकड्यांवर कुणाला चिडता येत नाही.

समुपदेशनाचं कामही बघते

एका मुलीने 'माझी मैत्रीण' म्हणून लेख दिला. मैत्रिणीचं लग्न ठरत होतं आणि ती पंधरा वर्षांची होती. लेख सुंदर होता, पण मी तो बाजूला ठेवला. अशा वेळी आधी १०९८ वर, म्हणजे मुलांसाठीच्या मदतवाहिनीला फोन, अंक नंतर. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत पोक्सोचं, म्हणजे मुलांना त्यापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम २३ आहे. नुसतं नाव बदलून भागत नाही, गावात 'किराणा दुकानाशेजारची' म्हटलं तरी ओळखतात. लिहिणाऱ्या मुलीला मात्र नीट समजावून सांगा, नाहीतर लेख वाईट होता म्हणून नाकारला असं तिला वाटतं.

अंकाचं डीटीपी मीच करून घेतो

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधे पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर छपाईत धूसर येतात. मधे पिन मारायची असेल तर पानं चारच्या पटीत धरा. श्रीलिपीतला (जुन्या मराठी फॉन्टमधला) मजकूर युनिकोडमध्ये आणला की रफार आणि जोडाक्षरं पुन्हा तपासा. शेवटचं प्रूफ मुलांनी कागदावर वाचायचं, स्क्रीनवर नाही.

दहावीची वर्गशिक्षिका

अंक वाटला त्या संध्याकाळी एका मुलीची आई शाळेत आली. "मॅडम, पोरगी यात कुठंय?" गटफोटोच्या दिवशी ती आजारी होती. भाषणात नाही, खेळात नाही, लेख नाही. शंभर पानांत तिचं नाव एकदाही नव्हतं. त्याच अंकात वक्तृत्वाच्या मुलाचे नऊ फोटो होते.

आता हजेरीपटाची झेरॉक्स अंकाच्या फायलीत असते. मजकुरात किंवा फोटोत नाव आलं की मुलं पुढे खूण करतात. फोटोखाली नावं डावीकडून, ओळीप्रमाणे, आणि ज्याचं नाव त्यालाच दाखवून. यंदा अजून अकरा नावांपुढे खूण नाही. सोमवारी मधल्या सुट्टीत बातमीदार मुलं त्यांच्याच बाकावर डबा खायला बसणार आहेत.