.३०८ च्या पुंगळीचा खांदा किती मागे ढकलायचा?

हिंगणा_टूलरूम:
मी हिंगणा एमआयडीसीत टूलरूमला आहे. मोठा भाऊ टेक्सासला असतो. तिथे .३०८ विंचेस्टरची बोल्ट रायफल चालवतो अन् काडतुसं स्वतः भरतो, म्हणजे वापरलेली पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) डायने (साच्याने) दाबून मापात आणतो अन् परत भरतो. (आपल्याकडे लायसन्सशिवाय हे चालत नाही, तो विषय इथे नको.) काल व्हिडिओ कॉलवर त्याने एक पुंगळी दाखवली. बुडाच्या थोडं वर, गोल फिरलेली चकाकती रेघ होती. डाय त्याने शेलहोल्डरला (प्रेसमध्ये पुंगळीचं बूड धरणारा भाग) टेकवून आणखी पाव फेरा खाली दिलाय, डायच्या कागदात लिहिलंय तसा. कंपॅरेटरवर (बुडापासून खांद्यापर्यंत मोजायचं साधन) डायमध्ये दाबण्याआधीच्या अन् नंतरच्या मापात ८ थाउचा (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फरक आहे, म्हणजे खांदा (मानेखालचा उतार) तेवढा मागे गेलाय. किती ठेवायला सांगू?

महालकर_ओहायो:
भाऊ, आधी त्या लॉटच्या सगळ्या पुंगळ्या बाजूला काढायला सांग. ती रेघ म्हणजे बहुधा आतून भिंत पातळ झाली. पेपरक्लिपची तार सरळ करायची, टोक जरासं वाकवायचं अन् आतून बुडाकडून वर ओढायचं. खाच लागली की पुंगळी भंगारात. नाहीतर एखाद्या बाराला तिथूनच तुटेल अन् तापलेला वायू मागे चेहऱ्याकडे येईल.

बार उडाला की पितळ चेंबरभर (नळीत काडतूस बसतं ती जागा) फुगतं. खांदा ८ थाउ मागे असेल तर दर बाराला तेवढी जागा भरायला तीच भिंत ताणली जाते. बोल्ट रायफलला १ ते २ थाउ पुरे. सेमीऑटोला ३-४ लागतात, तो हिशेब इथे नको.

तू टूलरूमचा, आट्यांवरून लगेच कळेल. डायचे आटे ७/८ इंच, १४ टीपीआय (इंचाला १४ आटे). एका फेऱ्याला ७१ थाउ, म्हणजे १० अंशाला साधारण २. पाव फेऱ्याला १८ होतात! प्रेस लवते म्हणून सगळे उतरत नाहीत, एवढंच. कागदातलं सेटिंग सगळ्या रायफलींना धरून असतं, आपलं चेंबर मोजल्याशिवाय ते पाळू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

डाय वर घ्या अन् थोडी थोडी खाली आणा. सुरुवातीला माप उलट वाढेल. डाय नुसतं अंग दाबते, खांद्याला लागलेली नसते, म्हणून पितळ वर सरकतं. इथेच नवीन माणूस गोंधळतो. अजून खाली घेतली की माप उतरायला लागतं. २ थाउ मागे आलं की थांबायचं, अन् पुंगळी डायमध्ये असतानाच लॉक रिंग (डाय जागेवर धरणारी) कसायची. मोजण्याआधी जुना प्रायमर (बुडातली ठिणगीची टोपी) काढलेला हवा, बाहेर आलेला असला की माप खोटं येतं.

इतवारी_पितळ:
सेटिंग तेच असून माप पुंगळीगणिक बदलत असेल तर पितळ कडक झालंय. तांबटाचं भांडं ठोकून कडक होतं, मग भट्टीत जातं, तसंच. पण इथे आच फक्त मानेला अन् खांद्याला द्यायची. बूड मऊ झालं तर पुंगळी गेली. वंगणही बेताचं लावा, जास्त झालं की खांद्यावर खड्डे पडतात.

हिंगणा_टूलरूम:
काका, तार फिरवली. बऱ्याच पुंगळ्यांत खाच लागली, सगळ्या भंगारात टाकायला लावल्या. नव्या लॉटला बोल्टमधून फायरिंग पिन अन् इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) काढून, पुंगळी चेंबरमध्ये असताना बोल्टचा दांडा आपोआप खाली पडतो का, तेही बघायला सांगतो.

महालकर_ओहायो:
हो, ते कराच. खाली पडताना जराही अडला तर डाय अजून ५ अंश खाली फिरवा, त्याहून जास्त एकदम नको.