रक्तदाब सर्वेक्षण: शून्यावर संपणारे आकडे आणि औषधं घेणाऱ्यांचं काय करायचं?

प्रश्न
प्रत्येकाचा रक्तदाब एकाच भेटीत तीनदा मोजलाय. काही पथकांकडे हाताने फुगवायचं यंत्र होतं, काहींकडे स्वयंचलित. हाताने घेतलेल्या नोंदींपैकी जवळजवळ निम्म्या शून्यावर संपतात. तिन्हींची सरासरी घ्यावी का? आणि औषध घेऊन १२४ वर आलेला माणूस कशात मोजायचा?

उत्तर १
पहिली नोंद सोडा, दुसरी-तिसरीची सरासरी घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या स्टेप्स या आरोग्य-सर्वेक्षणाच्या पद्धतीत हेच करतात. आधी १५ मिनिटं शांत बसवायचं, दोन मोजण्यांमध्ये ३ मिनिटं थांबायचं. पहिला आकडा बहुधा चढा येतो.

शून्याचं प्रकरण मात्र गंभीर आहे. हाताने फुगवायच्या यंत्रावर २-२ मिमीच्या (पाऱ्याच्या मिलिमीटरच्या) खुणा असतात, म्हणजे ०, २, ४, ६, ८ यांवर साधारण २०-२० टक्के नोंदी संपायला हव्यात. वरचा दाब १४० किंवा जास्त म्हणजे उच्च रक्तदाब, तेव्हा १३८ चा १४० लिहिला की माणूस उच्च रक्तदाबात गेला. १४२ चा १४० केला तरी तो तिथेच राहतो. त्यामुळे या चुका एकमेकींना खोडत नाहीत, उच्च रक्तदाब असलेल्यांचं प्रमाण फुगवत जातात. शेवटच्या अंकांचा तक्ता मोजणाऱ्यागणिक काढा. बहुतेकदा असं शून्यावर आणणारे दोन-तीन जणच सापडतात. आकडे मागाहून 'दुरुस्त' करू नका. फक्त स्वयंचलित यंत्रांवरचं प्रमाण वेगळं काढून शेजारी द्या.

उत्तर २
औषधांबद्दल. प्रमाण काढताना वरचा दाब १४० किंवा खालचा ९० वा त्याहून जास्त, किंवा औषध चालू, अशी व्याख्या धरा. तुमचा १२४ वाला उच्च रक्तदाबातच, पण 'नियंत्रणात' या रकान्यात.

वजन किंवा मिठाशी संबंध तपासायचा असेल तर गोष्ट वेगळी. औषधवाल्यांना वगळलं की ज्यांचा दाब सर्वांत जास्त होता तेच जातात. 'औषध: हो/नाही' असा चलघटक समीकरणात टाकणंही चूकच, कारण औषध वाढलेल्या दाबामुळेच सुरू झालेलं असतं. औषधाने उतरलेला दाब अंदाजाने परत धरण्यासाठी त्यांच्या वरच्या दाबात १० आणि खालच्यात ५ मिमी मिळवा, मग १५ आणि १० मिळवून निष्कर्ष टिकतो का पाहा.

उत्तर ३
दंडाचा घेर नोंदवलाय का? पट्ट्यातल्या फुग्याची लांबी घेराच्या ८० टक्के आणि रुंदी ४० टक्के हवी. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की दाब खोटाच जास्त दिसतो, आणि लठ्ठपणा व रक्तदाब यांचं नातं आहे त्याहून घट्ट भासतं. एकच पट्टा सगळ्यांना वापरला असेल तर हे अहवालात स्पष्ट लिहा.

आणखी एक. एका भेटीत वर गेलेल्यांपैकी बरेच जण पुढच्या वेळी खाली येतात, म्हणून प्रमाण जास्त निघतं. हृदयविकाराशी नातं जोडताना मात्र उलटं होतं: याच चढउतारामुळे ते नातं सौम्य दिसतं. १९९० साली नऊ दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून या चढउतारासाठी दुरुस्ती केली, तेव्हा संबंध सुमारे ६० टक्क्यांनी अधिक तीव्र निघाला. शक्य असेल तर यादृच्छिक निवडलेल्या काही लोकांना काही आठवड्यांनी पुन्हा मोजा. फक्त चढ्या दाबाचेच निवडलेत तर त्या मोजणीचा उपयोग नाही.