पियानो रिसायटलसाठी पीस सुचवा (घाई आहे)

रानजाई:
ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी क्लासचं रिसायटल आहे. सरांना उद्यापर्यंत नावं कळवायची आहेत. दोन पीस, मिळून चार मिनिटं. क्लासिकलच हवं, सिनेमातली गाणी चालणार नाहीत. 'फ्यूर एलिझ' सुचवू नका, ते आधीच तिघांनी घेतलंय. यूट्यूबवर 'सोपं' म्हणून जे सापडतं ते एक तर अंगाई असतं, नाहीतर बोटं मोडायची लक्षणं. पटापट सांगा प्लीज.

बंड्या_बे_एरिया:
परीक्षेची ग्रेड कितवी? घरी पियानो आहे की ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड? चार मिनिटं भरायची आहेत की तेवढी मर्यादा आहे? काहीच लिहायचं नाही आणि वर पटापट सांगा!

केतकी_प:
माझ्या लेकीने दुसऱ्या ग्रेडला असताना बाखचा जी मेजरमधला मिन्युएट वाजवला होता. सगळ्यांच्या कानावरचा आहे, टाळ्या हमखास. फ्रॉक फार लांब नको, पाय पेडलवर नीट पडत नाही.

कोमल_रिषभ:
तो मिन्युएट बाखचा नाही, पेट्झोल्डचा आहे. बाखच्या बायकोच्या १७२५ च्या वहीत उतरवलेला होता, म्हणून बाखच्या नावावर खपला. कार्यक्रमपत्रिकेत नाव छापताना बघा.

केतकी_प:
बरं. टाळ्या पेट्झोल्डला पडल्या म्हणायच्या.

अण्णा_वाईकर:
लहान पोरांवर हे परदेशी ओझं कशासाठी? मुलीला पेटी आणून द्या. यमन बसला की पुढचं आपोआप येतं. माझी नात सहाव्या वर्षी अलंकार घडाघडा वाजवायची.

मडगावकर:
अण्णा, पेटीचा धागा वेगळा काढा ना. रानजाई, बुर्गम्युलरचा 'अरबेस्क' बघा, ओपस (रचनासंग्रहाचा क्रमांक) १०० मधला दुसरा. जेमतेम मिनिटभराचा, पण ऐकणाऱ्याला वाटतं केवढं अवघड वाजवलं! आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पोरं हाच वाजवत आलीत.

रानजाई:
मुलगी कुठून आली मध्येच? विद्यार्थी मी आहे. वय ५३. ट्रिनिटीच्या (लंडनची संगीत परीक्षा) तिसऱ्या ग्रेडची परीक्षा मागच्या वर्षी झाली. घरी ८८ पट्ट्यांचा डिजिटल आहे. चार मिनिटं ही मर्यादा. आणि हो, हात लहान आहे. अंगठा सी वर ठेवून करंगळी कितीही ताणली तरी बी च्या पुढे जात नाही. डाव्या हाताची अनामिका सकाळी आखडलेली असते.

केतकी_प:
अय्या! मग फ्रॉकचं विसरा. 😀

बंड्या_बे_एरिया:
हे आधी सांगायचं ना. शोपँचा ए मेजर प्रिल्यूड घ्या, ओपस २८ मधला सातवा. फक्त सोळा बार (मात्रांचे गट). कमी कष्टात शोपँ वाजवल्याचं पुण्य.

कोमल_रिषभ:
बंड्या, बी च्या पुढे हात जात नाही म्हणाल्यात त्या. बाराव्या बारमधला कॉर्ड (एकदम दाबायचे सूर) वाजवून पाहिलात का कधी? नेमका सगळ्यात मोठा आवाज तिथे, आणि चांगले लांब हातवालेसुद्धा तो तोडून, म्हणजे सूर एकामागून एक, वाजवतात.

बंड्या_बे_एरिया:
तोडून वाजवला तर काय बिघडलं? परीक्षा थोडीच आहे.

कोमल_रिषभ:
सोळा बारमध्ये एकच शिखर, आणि तेच अडखळत? नको. रानजाई, चायकोव्हस्कीच्या 'चिल्ड्रन्स अल्बम'मधलं 'ओल्ड फ्रेंच साँग' घ्या (ओपस ३९, १८७८). अल्बम मुलांसाठी लिहिलाय, पण हा पीस मोठ्या माणसाच्या हातूनच जास्त बोलतो. जी मायनर, संथ, हात ताणायला लागत नाही. मधे डावा हात तुटक होतो आणि उजव्याला चाल धरून ठेवायची असते, मेहनत काय ती तिथेच. हे आधी वाजवा, 'अरबेस्क' नंतर. उलट केलंत तर थंडगार बोटांनी पळावं लागेल. 'अरबेस्क'मध्ये डावा हातही धावतो, तेव्हा छापील वेगाच्या मागे लागू नका. दोन्ही पीसचं नोटेशन आयएमएसएलपी या साइटवर फुकट आहे.

अण्णा_वाईकर:
अनामिकेला रात्री कोमट तीळतेल लावा. नातीचं उदाहरण मागे घेतो.

निखारा:
अवांतर: 'फ्यूर एलिझ' नको म्हणालात ते बरं केलंत. मी तैपेईत राहतो. इथे कचऱ्याची गाडी तीच धून वाजवत येते. सुरुवातीचे सूर ऐकले की माझा हात आपोआप पिशवीकडे जातो.

मडगावकर:
हॉलमधला पियानो आधी वाजवून बघा हां. पावसाळ्यात लाकूड, नमदा सगळं फुगतं, पट्ट्या अडकतात. आमच्या घरच्या जुन्या अपराइटमध्ये (उभ्या पियानोत) खालची फळी काढून चाळीसचा बल्ब जळत ठेवायचो.

बंड्या_बे_एरिया:
बल्ब? आग लागली म्हणजे? ह्युमिडिटी कंट्रोल सिस्टीम मिळते की बाजारात.

मडगावकर:
तुमच्या बे एरियात मिळते. आमच्याकडे आजीच्या काळापासून बल्बच आहे, घर अजून उभं आहे.

रानजाई:
कोमल, तुमची दोन्ही नावं तेव्हाच कळवली. सर म्हणाले, क्रमही तोच ठेवा. आज हॉलमध्ये जाऊन आले. चायकोव्हस्की ठीक गेला. 'अरबेस्क'मध्ये मात्र उजव्या हाताचा एक एफ दाबला की खालीच बसतो, पुढचा इ वाजेपर्यंत वर येत नाही. नखाने उचलावा लागला. हॉलवाल्यांना सांगितलं तर म्हणे, काळजी करू नका, पेटीवाल्याला बोलावतो. पेटीवाल्याला!

पुण्यात पियानोचा ट्यूनर कोणाच्या माहितीत असेल तर विपूत (माझ्या विचारपुशीच्या पानावर) कळवा. आणि मडगावकर, बल्ब नेमका कुठे ठेवायचा?